पंधरावी ओळ

सिंचना लागोपाठ तीन रविवार घरी आली आणि तिन्ही वेळा भिंतीवरचं कॅलेंडर वाकडंच ठेवून गेली.

दुसऱ्या कुणाच्या मुलीबाबत ही काळजी करण्यासारखी गोष्ट झाली नसती. पण सर्वमंगळाच्या मनातून ते वाकडं कॅलेंडर काही केल्या जाईना. घरात पाऊल टाकल्यावर चप्पल काढायच्या आधी ज्या पोरीचा हात भिंतीकडे जायचा, तीच आता त्या कॅलेंडरखाली बसून मुकाट नाचणीच्या मुद्द्याचे गोळे गिळत होती. विचारलं तर म्हणाली, "बरोबर तर आहे, अम्मा."

बरोबर नव्हतं. डावं टोक दोन बोटं खाली होतं.

सरळपणाची ही खोड तिला बापाकडून आली होती. चन्नबसप्पांचा तुमकूरला लग्नपत्रिका छापायचा छापखाना होता. शाळेतून आल्यावर सिंचना तिथेच बसायची. पत्रिकेत वर देव, मग वधूवर, मग आजोबा, काका, मामा, आत्या, आणि तळाला 'आमच्या घरची चिल्लीपिल्ली'. माणसं पन्नास, कागद वीतभर. एकदा एका घरच्या पत्रिकेत थोरला मामा बसेना. कारागिराने 'एवढ्या गर्दीत कोण बघतंय' म्हणून त्याचं नाव गाळलं. मामा लग्नाला आला नाही. त्याने भाचीचं तोंड पुढे कित्येक वर्षं पाहिलं नाही. त्या दिवसापासून छापखान्यात एकच कायदा झाला. जागा कमी पडली तर वेल काढा, फुलं काढा, गणपती लहान करा. नाव कापायचं नाही.

आठ-नऊ वर्षांची सिंचना हे ऐकत मोठी झाली. पुढे तिने संख्याशास्त्र घेतलं, बंगळूरला नोकरी धरली, आणि पहिल्या महिन्यातच फोनवर म्हणाली, "अप्पा, मी पण पत्रिकाच छापते. फक्त लग्न कुणाचंच नसतं."

तिची कंपनी तालुक्यातालुक्यांच्या रुग्णालयांत डायलिसिसची केंद्रं चालवायची. अशी तेवीस केंद्रं. कुठे किती रुग्ण आले, किती यंत्रं चालू, किती बंद, किती माणसं परत पाठवली, हे सगळं एका फलकावर रोज आपोआप चढायचं. तो फलक संगणकावर बघायचा. पण वरच्या मंडळींना सोमवारी दहाच्या मीटिंगमध्ये स्लाइड लागायच्या, आणि फलकाच्या स्लाइड करणं हे सिंचनाचं काम.

"त्यात काय एवढं?" सर्वमंगळाने एकदा विचारलं होतं. ती स्वतः कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. न समजलेली गोष्ट सोडून देणं तिला जमत नसे.

"अम्मा, फलक म्हणजे साडी आणि स्लाइड म्हणजे रुमाल. साडी खाली ओढत ओढत बघता येते. रुमालावर जेवढी मावेल तेवढीच उमटते. तक्ता अर्ध्यात तुटतो. अक्षरं मुंगीएवढी होतात. कुठला रंग कशाचा हे सांगणारी चौकट उडून भलत्याच आलेखावर बसते. फलक पूर्ण भरायच्या आत बटण दाबलं तर नुसता रिकामा चौकोन येतो."

"मग तू काय करतेस?"

"फलकाचं पानच आधी स्लाइडच्या मापाचं कापून घेते. सरकणारा तक्ता ठेवत नाही. लांब असेल तर दोन तुकडे, दोन स्लाइड. दोन्हींवर मथळा. शोभेची चित्रं पहिली काढून टाकते." आणि बापाकडे बघून हसली होती. "नाव कापायचं नाही."

तिची आणखी एक सवय छापखान्यातली. पडद्यावर डोळा चुका माफ करतो, कागदावर करत नाही, असं चन्नबसप्पा म्हणत. म्हणून रविवारी घरी आली की सिंचना त्यांच्या जुन्या प्रिंटरवर स्लाइड छापून बघायची, मगच पाठवायची. दोन महिन्यांपूर्वी असाच कागद नाचवत आली होती. "तेवीसची तेवीस केंद्रं दोन पानांत बसवली, अप्पा. एकाही ओळीला धक्का नाही."

त्यानंतर कधीतरी ती कामाबद्दल बोलेनाशी झाली. आणि मग हे कॅलेंडर.

सर्वमंगळाने आधी नेहमीचा संशय घेतला.

"मुलगा असणार," ती नवऱ्याला म्हणाली. "फोन पालथा ठेवते. बघितलं नाही तुम्ही?"

"मुलगा असला तर पोरगी आरशात बघते. ही आरशातही बघत नाही," चन्नबसप्पा म्हणाले. "तू कॉलेजात उगीच गेलीस, मॅडम. पोलिसात जायचं होतंस."

"तुम्ही थट्टाच करा. पोर वाळत चाललीय."

मग दुसरा धागा हाती आला, तोही मागच्या गल्लीतून. रुद्रम्मा अंगणात येऊन पायरीवर बसली. तिचा धाकटा भाऊ शिवलिंगय्या होन्नेकेरेच्या केंद्रात आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचा.

"अक्का, दोनदा परत पाठवलं त्याला," रुद्रम्मा म्हणाली. "चारातली तीन यंत्रं बंद. म्हणतात वर कळवलंय. पाय बघा त्याचे, केळीच्या खुंटासारखे सुजलेत. आता मंगळवारी बोलावलंय. तेव्हाही नाही म्हणाले तर काय करायचं?"

"दुसरीकडे नेता येणार नाही?"

"दुसरीकडे जागा हवी ना. तुमची पुट्टी, सिंचना, त्याच कंपनीत आहे की. हे वर त्यांना दिसत नाही का?"

त्यानंतरच्या रविवारी सर्वमंगळाने पोळी वाढता वाढता सहज विचारल्यासारखं विचारलं, "होन्नेकेरेची यंत्रं बंद आहेत म्हणे."

सिंचनाचा हात ताटात थांबला. "कोण म्हणालं?"

"रुद्रम्मा. तुम्हाला दिसतं का ते?"

"फलकावर सगळं दिसतं, अम्मा."

"आणि मीटिंगमध्ये?"

"ताक दे," सिंचना म्हणाली.

मुलीने विषय कापला की तिथे काहीतरी आहे, हे कुठल्याही आईला कळतं. काय आहे ते मात्र कळत नाही. सर्वमंगळा मागे गेली, भांडी आवरू लागली आणि खिडकीशी मुद्दाम रेंगाळली. सिंचना अंगणात फोनवर बोलत होती. आवाज सपाट होता, पाठ केलेला धडा म्हणावा तसा.

"हो सर... चौदाच... नाही सर, स्लाइड एकच. खालचं दिसत नाही, सर... हो. नीट दिसतंय."

ती आत आली तेव्हा सर्वमंगळा एकच पातेलं तिसऱ्यांदा पुसत होती.

"कोण होतं?"

"हेगडेसर." तिचे ऑफिसातले साहेब.

"रविवारी?"

"सोमवारी मीटिंग म्हणजे स्लाइड रविवारीच होणार ना, अम्मा."

"रागावले का?"

"नाही. गोड बोलतात ते."

"गोड बोलणाऱ्यांचीच मला जास्त भीती वाटते."

"तुला कुणाची भीती वाटत नाही ते सांग," सिंचना म्हणाली. बॅग उचलून चारच्या बसला निघाली. दारात वळून बापाला म्हणाली, "अप्पा, येते." आईकडे बघितलं, पण तसंच, सवयीनं. कॅलेंडरकडे बघितलंच नाही.

संध्याकाळी सर्वमंगळा पावट्याच्या शेंगा सोलायला बसली. टरफलांसाठी रद्दीतला वरचा कागद ओढला आणि पसरला. मूठभर टरफलं पडल्यावर तिचं लक्ष गेलं. सिंचनाने सकाळी छापलेला कागद होता तो. तिने टरफलं झटकली.

वर कंपनीचं मोठं रंगीत चिन्ह. बाजूला हसऱ्या परिचारिकेचं चित्र. मधे तक्ता. एकेक केंद्र आणि त्यापुढे आकडे, चांगली कामगिरी वर, हिरव्यात. तिने बोटाने ओळी मोजल्या. चौदा. पुन्हा मोजल्या. चौदा, आणि त्याखाली एक अर्धी ओळ. अक्षरांचे माथे तेवढे कागदावर उतरले होते, धड कुठेतरी खालीच राहिलं होतं. उरलेली केंद्रं नव्हतीच.

ज्या मुलीने दोन महिन्यांपूर्वी तेवीसची तेवीस बसवली, तिच्याच हातचा हा कागद. चिन्ह आहे, बाई हसतेय, नऊ गावं गायब. मुलाचं प्रकरण नव्हतं, आणि हे एकट्या हेगडेसरांचंही काम नव्हतं. चौदाच, असं तिची मुलगी स्वतःच्या तोंडाने म्हणाली होती.

"अहो, हे वाचा," तिने कागद नवऱ्यापुढे धरला.

"चष्मा कुठे?"

"कपाळावर. ही शेवटची ओळ. येतेय का वाचता?"

चन्नबसप्पांनी कागद खिडकीपाशी नेला. छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्यात हयात गेलेला माणूस. अक्षर ओळखायला डोकं पुरतं, पाय लागत नाहीत, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. इंग्रजी माथ्यांवरून त्यांचं नख सरकलं.

"एचचे दोन खांब. मग बुटकी, बुटकी, बुटकी, बुटकी. हा एकच उंच दांडा, के. पुढे तीन बुटकी." ते थांबले. "होन्नेकेरे."

"आणि पुढे?"

"पुढे आकडा आहे. लाल आहे."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, आणि ती होत नव्हती.

"आपल्या मुलीने कापलं," सर्वमंगळा अखेर म्हणाली. "रुद्रम्माच्या भावाला कापलं. मी विचारलं तर म्हणे ताक दे."

"असं घाईने म्हणू नकोस."

"मग कसं म्हणू? तुम्हीच शिकवलंत ना तिला, काय कापायचं आणि काय नाही?"

"तेच सांगतोय." चन्नबसप्पांनी कागद मांडीवर सपाट केला. "लपवायचं असेल तर माणूस ओळीच्या वर कापतो. स्वच्छ. कुणाला पत्ता लागत नाही. यंत्राने आपोआप तोडलं तर अर्धी राहते, ते खरं. पण तिने हा कागद छापून बघितलाय. सिंचनाच्या डोळ्याखालून अर्धी ओळ निसटेल? या घरात वाकडं पान तिने कधी—"

"कॅलेंडर," सर्वमंगळा म्हणाली.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"एक तर तिने बघायचंच सोडलंय," ते सावकाश म्हणाले, "नाहीतर मुद्दाम ठेवलीय. कुणीतरी मीटिंगमध्ये विचारावं म्हणून, की खाली काय आहे हो."

"आणि कुणी विचारलं नाही तर?"

"तर नाही विचारलं."

रात्रभर त्या दोन शक्यता सर्वमंगळाच्या दोन्ही कुशींवर होत्या. मुद्दाम ठेवली असेल तर पोरगी एकटीच काहीतरी झेलतेय आणि आईला सांगत नाही. सोडून दिलं असेल तर ती आपली राहिली नाही. पहिलं खरं असावं असं तिला फार वाटत होतं, आणि जे फार वाटतं त्यावर ती कधी विश्वास ठेवत नसे.

सोमवारी सकाळी पावणेनऊला रुद्रम्मा कुंपणापलीकडून जाताना दिसली. हातात भावासाठी बिनमिठाच्या इडल्यांचा डबा होता. तिने मान हलवली, पण थांबली नाही. त्या दिवशी पायरीवरून उठून गेल्यापासून ती थांबतच नव्हती.

सर्वमंगळा खुर्ची ओढून भिंतीपाशी गेली. कॅलेंडरचं डावं टोक वर उचललं, सरळ केलं, हात काढला. ते हळूच घसरून पुन्हा दोन बोटं खाली आलं. तिने कॅलेंडर काढून बघितलं. खिळाच सैल झाला होता, आणि भोकात कागदाची बारीक घडी कोंबलेली होती. ताजी, प्रिंटरच्या पांढऱ्या कागदाची. कुणीतरी ते सरळ राहावं म्हणून प्रयत्न करून गेलं होतं. सिंचनाशिवाय या घरात हे करणारं दुसरं कुणी नव्हतं.

ती खुर्चीवरच उभी राहिली.

"पडशील," चन्नबसप्पा म्हणाले.

"फोन द्या माझा."

"काय विचारणार आहेस?"

"विचारणार नाही. विचारलं की ती ताक मागते." तिने घडी मुठीत धरली. "शिवलिंगय्याच्या पायांचं सांगणार आहे. दोनदा परत पाठवला, उद्या तिसऱ्यांदा. अर्धी ओळ कुणी वाचत नाही म्हणावं, तुझ्या बापाशिवाय. बाईचं चित्र काढ, चिन्ह काढ, आणि दुसरी स्लाइड जोड. हेगडे ओरडले तर बॅग भरून घरी ये."

"नोकरी जाईल तिची."

"जाईल," सर्वमंगळा म्हणाली. "पण मीटिंग दहाला आहे. त्याच्या आत सांगायला हवं."

चन्नबसप्पांनी फोन पुसला आणि वर धरला.