दगडावरच्या नावाला रंग कोण देतं

काशीतल्या ब्रह्मा घाटावरच्या मराठी धर्मशाळेचा हिशोब मी बघतो. माणूस बँकेतला म्हटला की लोक असली कामं गळ्यात मारतातच. तिथल्या व्यवस्थापक अंबिकाताईंशी माझं दरवर्षी एकाच मुद्द्यावर वाजतं. दुरुस्ती मी खर्चात धरतो आणि त्या चिडतात.

"नवी खोली बांधली तर गुंतवणूक, आणि आहे ती पडू दिली नाही तर खर्च? अजीब आहे तुमचं शास्त्र."

ताई जन्मानं काशीच्याच. नवरा गेल्यावर त्यांनी धर्मशाळा हातात घेतली. गंगेचा पूर ओसरला की गाळ वाळायच्या आत पाइप घेऊन स्वतः उभ्या राहतात आणि दिसेल त्याच्यावर खेकसतात. मीही त्यातून सुटत नाही.

यंदा पावसात वरच्या खोल्या इतक्या गळल्या, की छत झालं नाही तर त्या कायमच्या बंद कराव्या लागणार होत्या. ताईंची झोप उडाली होती. अशात नागपूरचे ऋतुराज देणगी द्यायला आले. त्यांना वडिलांच्या नावाची नवी खोली हवी होती. ताईंनी छताचा विषय काढला.

"दुरुस्तीला नाव कुठे लावणार?" ते म्हणाले. मला त्यांचं पटलं. बांधणाऱ्याचं नाव दगडावर येतं, डागडुजी करणाऱ्याचं कुठेच येत नाही.

निघताना त्यांनी सहज विचारलं, "आमच्या पणजोबांनीही इथे काही दिलं होतं म्हणतात. त्याचा दगड असेल का?"

ताई त्यांना घाटाकडच्या दाराशी घेऊन गेल्या. दगडावर पणजोबांचं नाव काळंभोर, ठसठशीत होतं. ऋतुराजांनी त्यावरून बोट फिरवलं, तर बोट काळं झालं.

"रंग ओला आहे?"

"कालच भरला. बाढ आली की धुऊन जातो. हर साल भरते."

"त्याचे पैसे कोण देतं?"

"ह्यांना विचारा," ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "किरकोळ खर्चात टाकतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऋतुराजांनी रुमालाला बोट पुसलं. मग म्हणाले, "छत करून घ्या. नाव नको."

"नको कसं? वडिलांचं नाव सांगा. पणजोबांच्या खाली जागा आहे. मी आहे तोवर भरीन."

"आणि तुमच्यानंतर?"

ताई गप्प झाल्या. त्यांना गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

"ताई," मी विचारलं, "ब्रश कुठे ठेवता?"