कुत्रं सोडलेला रस्ता

रस्त्यावरच्या बंगल्यातल्या साहेबांनी कुत्र्याची साखळी सोडली आणि ते हसले.

मी चौथीत होते. पाठीवर दप्तर. कुत्रं अंगावर आलं तशी मी विजेच्या खांबाला चिकटले. चावलं नाही ते. नुसतं तोंडाजवळ येऊन भुंकत राहिलं. माझा फ्रॉक ओला झाला. गच्चीवरून साहेबांच्या मुली पाहत होत्या. साहेब त्यांना म्हणाले, "आता नाही येत ही इकून." मग शीळ घालून त्यांनी कुत्र्याला आत बोलावलं.

शाळेत बाईंनी विचारलं, तर पाणी सांडलं म्हणाले.

आमची वस्ती अकोल्याच्या कडेला. बाळापूर, बार्शीटाकळीकडची बौद्ध कुटुंबं कापसाच्या जिनिंगच्या कामाला आली आणि कारखान्यामागं राहिली. वस्ती आणि सडकेच्या मधात काळं शेत. पावसात पाय पोटरीपर्यंत रुतायचा. म्हणून माझ्या आजीनं आणि तिच्या बरोबरीच्या बायांनी खदानीतला मुरूम डोक्यावर आणला, शेताच्या धुऱ्यानं, बांधाच्या कडेनं वाट बांधली. पुढं शेत विकलं गेलं. ले-आउट पडला, प्लॉट झाले, बंगले झाले. त्याच वाटेवर डांबर पडलं. रस्ता सरकारी, म्हणजे सगळ्यांचा. पण भांडी घासायला जाणाऱ्या आमच्या बायांनाच तो मोकळा होता. शाळेत जाणाऱ्या पोरांना नव्हता.

आम्ही नाल्यातून जाऊ लागलो. काचा, डुकरं, सडलेलं पाणी. मला तेच बरं वाटायचं. झोपेत कुत्रं यायचं. मी ओरडत उठायची.

दहावीत होते. पावसानं नाला फुगला, आणि त्या दिवशी चाचणी होती. वस्तीतली पोरं घरी राहिली. मी रस्त्यानं निघाले. बंगला जवळ आला तशी मी सावकाश चालू लागले. साहेब व्हरांड्यात पेपर वाचत होते. कुत्रं आता दुसरं होतं, आधीच्यापेक्षा मोठं.

साहेब उठले. "ए पोरी, इकून रस्ता नाही तुमाले."

 मी बोलले.

"हाय. माह्या आजीनं बांधला."

त्यांनी फाटक उघडलं. मी पळाले नाही. पळायचं बळच नव्हतं. कुत्र्यानं पोटरी धरली आणि मी रस्त्यावर बसले. शेजारच्या बंगल्यात भांडी घासणारी आमच्या वस्तीतली शांताकाकू साबणाच्या हातानं धावत आली. झाडूनं तिनं कुत्रं हाकललं. त्याच दिवशी तिचं काम सुटलं.

संध्याकाळी साहेबांची दोन माणसं घरी आली. पोरीनं माफी मागावी, पोलिसात जाऊ नये, नाहीतर वस्तीतल्या एकाही बाईला ले-आउटमध्ये काम मिळणार नाही, असं सांगून गेली.  दोन शब्द बोलून ये, बाबा म्हणाले. आई माझ्या पायाची पट्टी बदलत होती. मान वर न करता ती म्हणाली,

"भेव मलेबी लागते. पण माफी कायची?"

सकाळी आई मला ठाण्यात घेऊन गेली. तक्रार लिहून घेईस्तोवर आम्ही तिथंच बसलो. कुत्रं बांधलं गेलं. वस्तीतल्या कितीतरी बायांची कामं गेली. काही घरांनी आमच्याशी बोलणं सोडलं. शांताकाकू मात्र रोज माझ्यासोबत त्याच रस्त्यानं सडकेपर्यंत चालायची.

आज मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. राहते वस्तीतच. कुत्रं चावलेलं लेकरू सुईला आलं की अजून माझा हात आधी माझ्याच पोटरीकडे जातो.

यंदा ले-आउटवाल्यांनी त्या रस्त्याला लोखंडी गेट लावलं. वॉचमन बसवला. परवा त्यानं माझ्या मुलीला अडवलं. तुझी आई कोणाकडे कामाला आहे, विचारलं. ती मागं फिरली. नाल्यातून घरी आली, चिखलानं भरलेली. मी तिचे पाय धुतले. 

गेट काढावं म्हणून मी महानगरपालिकेत अर्ज दिला. लगेच ले-आउटमधले दोघं घरी आले. गोड बोलले. म्हणाले, "मॅडम, तुमी शिकलेल्या. एवढ्याशा गोष्टीसाठी कायले वैर घेता?" जाताना एकानं माझ्या ड्युटीची वेळ विचारली. मुलगी कोणत्या शाळेत जाते, तेही विचारलं. तेव्हापासून दाराची कडी मी दोनदा तपासते.

उद्या सकाळी मी मुलीचा हात धरून त्या गेटवर जाणार आहे. माझा हात थरथरेल. तिला कळेल. कळू दे. वॉचमननं विचारलं तर कोणाकडे जायचं ते मी सांगणार नाही. गेट उघडेपर्यंत मी तिथून हलणार नाही. पोलिस आले तरी नाही.