उत्तमरावची बायको कोणती?

शिरपूरच्या उत्तमराव माळ्याची वांगी बाजारात आधी खपायची, पण बोलायची वेळ आली की या गड्याची दातखीळ बसायची. आणि बायकोचं नाव घ्यायचं म्हटलं तर विचारूच नका! आवडाबाईला तो लग्नापासून ‘अवं’ म्हणायचा. पुढे मूल होईना म्हणून जिजाबाई केली, तर तीही ‘अवं’. मळ्यातून हाक आली की दोघी ओ द्यायच्या.

सदतीस सालच्या निवडणुकीआधी पटवारी मतदारांची नावं लिहायला आला. तेव्हा मत काही सगळ्यांना नव्हतं. उत्तमरावचा शेतसारा बरा होता, म्हणून त्याला मत मिळालं आणि त्याच्यापायी बायकोला. पटवाऱ्याने तिचं नाव विचारलं तर हा बाबा लाजला. "घरची म्हना न," म्हणाला. पटवाऱ्याने लिहून टाकलं, ‘उत्तमरावची बायको’. मनात उत्तमरावने आवडाबाईच धरली होती, तिला तसं सांगितलंही. बाई हरखून गेली. घरात सवत आल्यापासून तिला कोणी बायको म्हटलंच नव्हतं, आता सरकारनं म्हटलं!

मतदानाच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून रांगेत उभी राहिली. मागून पोर काखेत मारून जिजाबाई आली. "काहून, मी बायको नाई का?" झालं, जुंपली दोघींची! मतं घेणाऱ्या साहेबाने उत्तमरावला बोलावलं.

"यादीत एकच बायको आहे. यातली कोणती? ओळख पटवा."

‘आवडा’, एवढं बोलला असता तरी पुरे होतं. पण जिजाबाईने डोळ्यांना पदर लावला, लोक फिदीफिदी हसायला लागले, आणि या शहाण्याने पोराच्या आईकडे बोट दाखवलं.

"मग ही कोण?"

"मळ्यात कामाले असते," उत्तमराव बोलून गेला.

त्याच दिवशी आपली पेटी उचलून आवडाबाई गावातल्या रामीबाईच्या ओसरीवर राहायला गेली आणि भाजी विकून पोट भरू लागली. बाजारात तिच्यासमोरून जाताना उत्तमरावची मान वर होत नसे. जिजाबाईवर तो उगाच डाफरायचा, पण पाप आपलं आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. ज्या विहिरीचं पाणी तो वांग्यांना पाजत होता, ती खणताना मातीची घमेली आवडानेच वाहिली होती. कामाले असते! स्वतःच्याच जिभेची त्याला किळस यायची. माफी मागायला तो ओसरीपर्यंत जायचा आणि तसाच परत फिरायचा.

इंग्रज गेले. आता मत सगळ्यांना, बाप्याला नि बाईला. कारकून घरोघर नावं लिहीत हिंडू लागला. तो रामीबाईच्या दाराशी पोचल्याचं कळताच उत्तमराव चालती मोट सोडून पळत सुटला.

"लिवा साहेब!" धापा टाकत तो ओरडला. "आवडाबाई! आवडाबाई माही बायको हाय!"

भर रस्त्यात, जन्मात पहिल्यांदा त्याने ते नाव घेतलं होतं. त्याला रडूच कोसळलं.

कारकुनाने आवडाबाईला विचारलं, "हे तुमचे मालक का?"

तिने हातातली मेथी निवडणं थांबवलं नाही. "मी यायच्या मळ्यात कामाले होतो," ती म्हणाली. "माह्या बापाचं नाव लिवा. पंजाबराव."

कारकून गोंधळला. त्याने उत्तमरावकडे पाहिलं. "खरं का हो?"

उत्तमरावने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

"हाव साहेब," तो म्हणाला. "ते म्हनते तसंच लिवा."