घटातली अळी

नळाला पाणी सोडायचं काम गहिनीनाथनं उमापुरात उभी हयात केलं. पहाटे टाकीजवळच्या खोलीत जायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा आणि गावात पाणी चढेपर्यंत दिव्याखाली बसून राहायचं. तिथल्या चुन्याच्या भिंतीवर रात्रीचे पतंग चिकटलेले असत. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो ते बघू लागला. नोकरी सुटली, पण बघणं काही सुटलं नाही.

आता घरामागच्या भिंतीवर त्यानं दिवा लावून घेतला होता. परसात तगर, शेवगा, कढीपत्ता आणि वांग्याची थोडी रोपं. सकाळी चहाच्या आधी तिथं फेरी मारायची आणि जे दिसलं ते कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचं, हा त्याचा नेम. त्याच चौकटीत त्याची बायको विमलबाई दुधाचं लिहायची. ‘अर्धा लिटर’च्या खाली ‘राखी पतंग दोन, एक बदामी, मुंगूस’ असं असायचं. नावं त्याचीच, मनानं ठेवलेली. खरी कुणाला विचारायची त्याला लाज वाटे.

एक गोष्ट मात्र अडून बसली होती. पाऊस ओसरला की तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी यायची, डोक्यामागं दोन निळे डोळे काढल्यासारखे. खाऊन खाऊन ती तपकिरी पडायची आणि एके दिवशी नाहीशी व्हायची. तिचं पुढं काय होतं, ते त्याला कधीच दिसलं नव्हतं. दरसाल कॅलेंडरात ‘अळी गेली’ एवढंच.

यंदा त्यानं युक्ती केली. टोपलीत चाळलेली माती घातली, अळी तीत सोडली. अळी मातीत शिरली. टोपली तगरीखाली ठेवून तो निवांत झाला.

घटस्थापनेच्या दिवशी तो चष्मा आणायला गेवराईला गेला. दुपारी आला तर टोपली जागेवर नाही. देवघरात पाहतो तर टोपलीत घट बसलेला! मधोमध कलश, भोवती गहू-ज्वारी पेरलेली, वर तरवडाच्या फुलांची माळ, शेजारी अखंड दिवा.

"माती लई चांगली चाळून ठिवलीत," विमलबाई म्हणाली. "औंदा आठवण ऱ्हायली तुमाला."

त्यानं नुसती मान हलवली. बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. त्यात रोज वरून पाणी. अळी कुजणार, हे त्याला दिसत होतं आणि तोंड उघडवत नव्हतं. बायको आंघोळीला गेली तेव्हा एकदा त्यानं मातीत बोट घालायला हात पुढं केला. मग तसाच मागं घेतला.

तो घटासमोर बसून राहू लागला. शेजारची चतुराबाई माळेची फुलं घेऊन आली की थबकायची.

"विमल, पाणीवाल्याला देवी पावली गं! हालंना की जागचा."

"म्हातारपणी सुचतंय म्हनायचं," विमलबाई म्हणायची, पण आवाजात खुशी असायची. ती खुशी ऐकून गहिनीनाथ आणखीच खाली बघायचा.

चौथ्या माळेला त्याला राहवलं नाही. विमलबाईनं पाण्याचा तांब्या उचलला आणि तो म्हणाला, "त्या कडंला नको वतू."

"कावून?"

"तिथं अळी हाय. माजी."

तिनं तांब्या खाली ठेवला. "देवाच्या घटात अळी? आन् मला आज सांगता? मी जगाला सांगत बसले, मालक ध्यान करत्यात म्हनून!"

"चुकलं."

"मेली आसंल तर?"

"ठावं न्हाई."

ती उठून आत गेली. मग वाटी आणली आणि एका बाजूनं चमच्या-चमच्यानं पाणी घालू लागली.

त्या बाजूचं धान तरारून आलं. दुसऱ्या बाजूला पिवळट चार काड्या. घट जसा उगवेल तशी रब्बी, असं गाव मानतं. चतुराबाईनं बघितलं आणि गालाला हात लावला.

"आगं बया, ह्यो तर एका अंगानं लुळा! औंदा ज्वारीचं काय खरं न्हाई तुमच्या."

"आमचं वावर बी तसंच हाय," विमलबाई म्हणाली. "निम्मं काळं, निम्मं मुरमाड. देवीला समदं ठावं."

गहिनीनाथनं ऐकलं. त्याच्यापायी ती बोलणी खात होती.

आठव्या माळेला, दिवेलागणीला, पिवळट काड्यांजवळची माती हलली. आधी ओलसर डोकं आलं, मग सगळा जीव. माळेला धरून तो वर चढला आणि पंख खाली सोडून लोंबकळत राहिला. पंख चुरगळलेले होते. बघता बघता ते पसरले. हिरवा रंग, त्यात गुलाबी आणि पांढऱ्या लाटा. गहिनीनाथ पुढं सरकून बघत बसला.

"आवं, बघत काय बसलाव? दिवा!" विमलबाई ओरडली. "उडाला की पयला दिव्यावर जाईल."

अखंड दिवा विझवता येत नव्हता. ती आत धावली, जुन्या कंदिलाची काच आणून तिनं ज्योतीवर ठेवली. मग दोघं शेजारी शेजारी बसली. पतंग थरथरला, देवघरात एक गिरकी घेऊन काचेवर आपटला, आणि उघड्या दारातून परसात गेला.

कॅलेंडरच्या चौकटीत त्यानं लिहिलं: ‘तगरीची अळी. हिरवा पतंग, गुलाबी लाटांचा.’ संध्याकाळचं दूध लिहायला जागा उरली नाही.

दसऱ्याला विमलबाईनं बऱ्या बाजूचं धान उपटून त्याच्या टोपीत खोवलं. टोपली रिकामी करताना मातीतून तपकिरी टरफल निघालं. ते तिनं त्याच्या हातावर ठेवलं.

"फुडल्या वर्षी घटाची माती मी वावरातून आनीन," ती म्हणाली. "टोपली ऱ्हाऊ द्या तुमाला."