उन्हात नेऊन घेतलेला स्क्रीन

उधन्याच्या अख्ख्या मिलवस्तीत रंगाची पारख माझ्याइतकी कुणाला नसेल. मेव्हण्याच्या लग्नात मी एका पायात काळा आन दुसऱ्यात निळा मोजा घालून फिरलो, तेवढं सोडा.

डाइंग मिलच्या फोल्डिंग खात्यात जन्म गेला माझा. कापड रंगून आलं की तपासायचं, घडी घालायची. शाळा दुसरीत सुटली, म्हणजे मास्तरांनीच मला सोडलं. पण दोन गुलाबीतला फरक मी लांबून सांगतो. म्हणून पोरीनं कॉम्प्युटर जुळवायचं काढलं तेव्हा मला वाटलं, आपल्याशिवाय हे व्हायचं नाही.

पोरगी साड्यांची डिझाइनं काढायला शिकलेली. एका शेठनं तिला सांगितलेलं, सँपल पसंत पडलं तर दर महिन्याला काम. दोन वर्षं घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवल्या तिनं, त्या पैशातून हा कॉम्प्युटर. तयार नाही घ्यायचा, एकेक पार्ट निवडून घ्यायचा. सगळी चिठ्ठी लिहून आणलेली.

दुकानदारानं काउंटरवर माल मांडला. प्रोसेसर म्हणून बिस्किटाएवढा चौकोन दाखवला आन भाव असा सांगितला की मी तो हातात घेऊन वजन बघितलं. रॅमच्या दोन पट्ट्या. मी म्हटलं, "दोन्ही एकाच रंगाच्या दे, मॅचिंग." पॉवर सप्लायचं खोकं आलं तर विचारलं, किती हॉर्सपॉवरचा? पोरगी नुसती चिठ्ठीवर खुणा करत होती.

स्क्रीनची वेळ आली तेव्हा मी बाह्या सारल्या. तिनं चिठ्ठीत लिहिलेला स्क्रीन मला अगदीच मवाळ दिसला, दहा वेळा धुतलेल्या परकरासारखा. शेजारचा मात्र झगझगीत. पण आम्ही मिलवाले दुकानाच्या लाइटीत शेड पास करत नाही, कापड उन्हात नेतो. मी म्हटलं, "दोन्ही बाहेर घे."

दुकानदार गुजरातीत म्हणाला, "काका, आ स्क्रीन छे, साडी नथी."

"रंग तो रंग!"

बिचाऱ्यानं लांब वायर ओढून दोन्ही स्क्रीन ओट्यावर आणून ठेवले. रिक्षावाले जमले, त्यांनीही मत दिलं. उन्हात पोरीचा स्क्रीन काळाठिक्कर, स्वतःचंच तोंड दिसायला लागलं त्यात. माझ्यावाला तेवढा जरा जिवंत.

"पप्पा, ह्यात रंग खोटे दिसतात," पोरगी म्हणाली.

"अगं, तीस वर्षं मी काय भाजी विकली?"

एवढ्या माणसांसमोर बापाला काय बोलणार? तिनं चिठ्ठीची घडी घातली. झगझगीत स्क्रीन घरी आला.

तिनं त्याच्यावर राणी रंगाची साडी काढली. स्क्रीनवर रंग डोळ्यात घुसायचा, म्हणून ती कमी करत गेली, कमी करत गेली. मीही मागं उभा राहून सांगत होतो, "अजून थोडा उतरव." सँपल कापडावर छापून आलं तर राणी कुठली, राणीची आजारी मोलकरीण. शेठनं सँपल ठेवून घेतलं आन म्हणाला, शनिवारपर्यंत दुसरं आण, नाहीतर राहू दे.

त्या दिवशी पोरगी जेवली नाही. मी जेवलो, पण भाजी परत मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी स्क्रीन खोक्यात घालून मी एकटाच दुकानात गेलो, दुकानदाराच्या हातापाया पडलो. थोडे पैसे कापून त्यानं बदलून दिला. पोरीच्या चिठ्ठीवरचा नंबर खोक्याशी मी अक्षर अक्षर लावून बघितला, आन उन्हाकडं पाठ करून घरी आलो. तिनं पुन्हा रंग धरला. ह्या वेळी कापडावर तीच राणी उतरली, जशीच्या तशी.

शनिवारी मीही तिच्याबरोबर मार्केटात गेलो. शेठनं सँपल चोळून बघितलं, मान हलवली, आन आणखी चार डिझाइनं सांगितली. माझी छाती अशी फुगली की राहवलंच नाही.

"शेठ, पोरीला रंगाची नजर माझीच आहे."

शेठनं ड्रॉवरमधून पहिलं, आजारी सँपल काढून टेबलावर टाकलं. "तो पछी आ?" मग हे काय, म्हणून विचारलं.

पोरगी माझ्याकडं न बघता म्हणाली, "ते त्यांच्या नजरेचं, शेठ. हे माझ्या."