डोक्यावरचा उतार

माझे सासरे मला वाईट माणूस समजत नाहीत, फक्त माझ्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. लग्नाआधी मी नागपुरात जुन्या मशिनींची खरेदी-विक्री जमवून देत असे. तेव्हा ते आपल्या मुलीला म्हणाले होते, "दलाल आहे तो. प्रत्येक गोष्टीत मधला आकडा काढायची सवय आहे त्याला." तिनं ते मला येऊन सांगितलं. एकोणीस वर्षं झाली, मी विसरलेलो नाही. पुढे तिच्या नोकरीमागून अमेरिकेत, रेडमंडला आलो, दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये स्वयंपाकाच्या ओट्यांचे दगड कापले, पाठीवरून जिने चढवले, आणि आज माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. दगडाचे व्यापारी माझा फोन आला की आधी घोटभर पाणी पितात. सासऱ्यांनी मागच्या खेपेला ते वर्कशॉप फिरून पाहिलं आणि म्हणाले, "छान." एवढंच.

यंदा ते जानेवारीत आले, एकटेच. सासूबाईंना थंडी नको होती. वय चौऱ्याहत्तर, डावा गुडघा कुरकुरणारा. पाटबंधारे खात्यात सर्व्हे करण्यात त्यांचा जन्म गेला, पण बर्फाचा डोंगर काही त्यांनी कधी जवळून पाहिला नव्हता. रेनियर इथला सगळ्यात मोठा हिमशिखराचा डोंगर. आमच्याकडच्या हिवाळ्यात तो आठवडेच्या आठवडे ढगांतून डोकं काढत नाही.

"मला तो एकदा नीट बघायचाय," ते पहिल्याच दिवशी म्हणाले.

"मी दाखवतो, बाबा."

"बघू."

त्या 'बघू'नं मी पेटलो. तीन आठवडे पाऊस पडला. परतीच्या विमानाआधी एकच शनिवार उरला आणि त्या शनिवारी दुपारपर्यंत उघडीप मिळेल असा अंदाज आला. गुरुवारी संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला.

स्नोशू म्हणजे बुटांखाली बांधायचे रुंद, चपटे जोडे. त्यामुळे पाय बर्फात रुतत नाहीत. चालता येणाऱ्या कुणालाही ते जमतं, म्हणून इथले आपले लोक उत्साहानं भाड्यानं आणतात, आणि मग फोटोत सुंदर दिसेल ती वाट निवडतात. मीही तेच केलं. कड्यांच्या कुशीत एक तळं आहे, तिथली वाट मी निवडली. वाट जवळजवळ सपाट, चढ नावाला, आणि तळ्याच्या काठावरून रेनियर असा समोर उभा राहतो की बोलणं बंद होतं.

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नकाशा नाकाजवळ नेला. अंगठ्याचं नख दोन रेषांमध्ये ठेवून ते सरकवत राहिले.

"वाट सपाट आहे, कबूल," ते म्हणाले. "पण तिच्या डोक्यावर काय आहे?"

"डोंगर आहे. डोंगरातच जातोय आपण."

"इथं रेषा एकमेकींना चिकटल्यात बघा. म्हणजे उभा उतार. त्यावर झाडं नाहीत. बर्फ सुटला तर येणार कुठे? तुमच्या वाटेवर."

"मी चार वेळा गेलोय तिथं."

"कधी?"

"जुलैत."

"उन्हाळ्यात लोक नाल्यातही गाड्या लावतात, जावईबापू."

माझी बायको स्वयंपाकघरात मोठ्यानं हसली. मी म्हणालो, हसायचं कारण नाही, आणि हिमस्खलनाचा रोजचा अंदाज फोनवर काढून त्यांच्यापुढे धरला. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. "हे बघा. वरच्या डोंगरावर तीन, खाली दोन. आपण खालीच चालणार."

"आणि वरचं तीन वरच राहणार?"

"दोन आणि तीनच्या मध्ये धरा ना, बाबा. अडीच."

हे बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. बायकोनं हातातला झारा खाली ठेवला आणि येऊन फोनात डोकावली. "हवामान खात्याशी भाव करतोयस तू," ती म्हणाली. "आणि खालची ओळ वाच. उभ्या उतारांच्या खालूनसुद्धा जाऊ नका, असं स्पष्ट लिहिलंय."

मी ती ओळ आधीच वाचली होती. वाचून बाजूला सारली होती, जशी मी दगडवाल्याची पहिली किंमत बाजूला सारतो. सगळे आधी जास्त सांगतात, मग खाली येतात, हा माझा आयुष्यभराचा अनुभव. तो मी डोंगरालाही लावला होता.

मी खूप चिडलो, हे खरं आहे. मग तुम्हीच निवडा, असं म्हणून खुर्ची मागे ढकलली आणि गॅरेजमध्ये जाऊन उगाच स्नोशूचे पट्टे तपासत बसलो. परत आलो तेव्हा बाप-लेकीनं एक जुना जंगलरस्ता काढला होता. लाकूड वाहायला केलेला, दोन्हीकडे दाट झाडी, चढ हळू, वर कुठेही उभा उतार नाही. साडेतीन मैलांवर एक मोकळा माथा, आणि तिथून रेनियर. तळ्यावरून दिसतो तसा नाही, थोडा लांबून, पण दिसतो.

"परत फिरायची वेळ आत्ताच ठरवा," बाबा म्हणाले. "साडेबारा."

"दोन."

"दोनला कोण फिरतं? साडेचारला अंधार."

"दीड."

"एक. आणि एक म्हणजे एक."

तेरा वर्षांची आमची मुलगी फोनमधून डोकं न काढता म्हणाली, "यू टू आर लिटरली द सेम पर्सन."

आम्ही दोघंही तिच्यावर ओरडलो.

शनिवारी साडेनऊला आम्ही चौघं चालायला लागलो. बाबांनी दोन स्वेटर, त्यावर माझं जाकीट आणि त्यावर सासूबाईंची शाल असा अवतार केला होता. पहिली दहा मिनिटं ते स्वतःच्याच जोड्यांवर पाय देत होते. मग त्यांना पाय फाकवून चालायची युक्ती सापडली आणि बदकासारखे पण नेटानं निघाले. झाडांवरून बर्फाचे गोळे धप्पकन पडत होते. एक त्यांच्या कानटोपीवर पडला. ते थांबले, वर पाहिलं आणि झाडाला म्हणाले, "अरे, पाहुणा आहे मी." मी इतका हसलो की मला खाली बसावं लागलं. त्यांना थर्मास उघडायला लावला नाही, चहा मी स्वतः ओतून दिला. तोवर पोरीनं आजोबांच्या चालायच्या काठ्या धरल्या. मनात मी त्या रस्त्याला शिव्या देत होतो, कारण दोन तास नुसती झाडं, पण त्यांना चालताना बघायला मला आवडत होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही.

बाबांच्या पावलानं जायचं तर माथा लांब पडणार, हे अकराच्या सुमारास कळलं. एकला पाच कमी असताना झाडी विरळ झाली. वरचा मोकळा माथा दिसत होता, अजून अर्ध्या तासावर. ढग खाली आले होते, पण दक्षिणेकडे एका जागी ते फाटत होते, आणि त्या फटीत पांढऱ्या खांद्यासारखं काहीतरी क्षणभर चमकलं आणि गेलं.

"तोच तो?" बाबांनी विचारलं.

"तोच."

एक वाजला. बारीक बर्फ पडू लागला. मी म्हणालो, "चला, फिरू या."

ते हलले नाहीत. "ढग सरकतायत. अर्धा तास आणखी."

"एक ठरलं होतं."

"पंधरा मिनिटं."

"बाबा, तुमचा गुडघा उतरताना दुखणार आहे. यायला लागला त्याहून जास्त वेळ लागेल. साडेचारला अंधार, तुम्हीच म्हणालात."

"दहा मिनिटं, जावईबापू. परवा मी जाणार. पुन्हा येणं होतंय का कोण जाणे."

असं कुणी बोललं की मी नेहमी विरघळतो, आणि समोरच्याचं हे हत्यार आहे हेही मला नेहमी कळतं. पण ते हत्यार वापरत नव्हते. डोळ्यांत पाणी होतं, थंडीचं असेल किंवा नसेल. वर जायला मलाही जीव तोडून हवं होतं. एकोणीस वर्षांनी मी दिलेला शब्द त्या अर्ध्या तासावर अडकला होता. बायको माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो.

"पाच—"

"नाही म्हणजे नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो की मुलगी दचकली. "एक मिनिटसुद्धा नाही."

ते वळले. उतरताना माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दोन वेळा गुडघ्यानं दगा दिला आणि दोन्ही वेळा त्यांनी माझा दंड पकडला. गाडीपाशी पोचलो तेव्हा दिवे लावावे लागले. ढग काही पुन्हा फाटले नाहीत. सोमवारी त्यांना विमानतळावर सोडलं. रेनियर न बघताच ते गेले.

मला ते लागून राहिलं. तळ्यावर गेलो असतो तर, असं मनात आलं की मी स्वतःवरच चिडतो. गेल्या रविवारी सासूबाईंचा फोन आला, तेव्हा न राहवून विचारलं, बाबा नाराज आहेत का.

"सोसायटीत ज्याला त्याला सांगत सुटलेत," त्या म्हणाल्या, "की जावयानं मला अर्ध्यातून परत आणलं, पाच मिनिटंही दिली नाहीत."

"कशा सुरात सांगतात?"

"तक्रारीच्याच. पण रोज सांगतात रे."