संदीप खरातला बॉल कधी मिळणार?

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. गराजमध्ये आपण एक रिकामा खोका ठेवतो, मग त्यावर दुसरा, आणि एक दिवस लक्षात येतं की गाडी बाहेर उभी करावी लागतेय. माझ्याकडे संदीप खरातचे किस्से असेच साठलेत. नऊ वर्षांचे.

मी फिजिओथेरपिस्ट. आठवडाभर क्लिनिकमध्ये लोकांच्या पाठी आणि माना बघते, आणि शनिवारी मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या आमच्या क्लबची ट्रेनर असते. इथे ट्रेनर म्हणजे शिकवणारी नव्हे. मॅचआधी खेळाडूंचे घोटे, बोटं टेपने बांधणारी आणि कोणी पडलं की बॅग घेऊन मैदानात पळणारी बाई. क्लब अमेरिकन फुटबॉलचा, ज्याला इथे ग्रिडायर्न म्हणतात. मेलबर्नमध्ये लोकांना फूटी, म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल, कळते, क्रिकेट कळतं. ग्रिडायर्न म्हटलं की ते आपल्याकडे सहानुभूतीने बघतात. क्लबचं नाव सांगत नाही, कारण मी अजून कमिटीवर आहे.

संदीप मूळचा भोसरीचा. तिकडे मंडळाकडून कबड्डी खेळायचा, डावा कोपरारक्षक. इकडे नेटवर्क इंजिनियर. आयटीने त्याला घर दिलं, गाडी दिली आणि वर वीस किलो वजन दिलं. ते उतरवायला म्हणून लायब्ररीतल्या बोर्डावर 'फुटबॉल' वाचून तो सॉकर समजून आमच्या मैदानावर आला. अंगात हाफपँट, हातात पाण्याची बाटली.

आमचा कोच टेरी. धंद्याने प्लंबर, बोलणं कमी. त्याने विचारलं, "एव्हर टॅकल्ड एनीवन?"

संदीप म्हणाला, "येस, बट ओन्ली बाय द लेग."

टेरीने आमच्या सिओनेला पुढे केलं. सिओने मूळचा टोंगाचा, एकशे वीस किलोचा, स्वभावाने गाय. तो बॉल घेऊन धावत आला आणि पुढच्या क्षणी गवतात पालथा पडला होता. संदीप त्याचा घोटा दोन्ही हातांनी धरून बसलेला. शिट्टी वाजली तरी सोडेना. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा दम सुटेपर्यंत धरून ठेवायचं असतं, हे बिचाऱ्या सिओनेला कोण सांगणार.

टेरीने शिट्टी तोंडातून काढली. मग म्हणाला, "आय डोन्ट नो व्हॉट दॅट वॉज. कॅन यू डू इट सॅटर्डे?"

*

पहिल्या मॅचला संदीपला मधल्या जागेवर उभं केलं. ही जागा म्हणजे समोरची दोन आडदांड माणसं अंगावर घ्यायची, म्हणजे आपली मागची पोरं मोकळी राहतात. काम हमालाचं, नाव दुसऱ्याचं.

समोरची टीम वाकून सज्ज झाली. आणि संदीपने, पंधरा वर्षांच्या सवयीने, शेजारच्या सिओनेचा हात हातात घेतला. कबड्डीत बचावाची साखळी अशीच उभी राहते, त्यात त्याला काहीच वावगं वाटलं नाही.

सिओने पक्का चर्चला जाणारा. त्याला वाटलं, प्रार्थना. त्याने डोळे मिटले आणि पलीकडच्याचा हात धरला. त्या पलीकडच्याने त्याच्या पलीकडच्याचा. चार धिप्पाड माणसं शिरस्त्राणं घालून, हातात हात घेऊन शांत उभी.

समोरच्यांना हे काय चाललंय ते कळेना. त्यांच्यातला एकजण गोंधळून वेळेआधीच हलला. पंचांचा पिवळा रुमाल पडला, म्हणजे फाउल; पाच यार्ड त्यांच्या विरोधात.

टेरीने तो डाव वहीत लिहून घेतला. आजही आमच्याकडे तो आहे. नाव, 'द प्रेयर'.

*

आता मुख्य गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

या खेळात बचावाचे अकरा वेगळे आणि बॉल घेऊन पळणारे अकरा वेगळे. आपल्याकडे बॉल आला की बचाववाले मैदानाबाहेर येऊन पाणी पितात. त्यामुळे बचावाच्या माणसाला, त्यातही मधल्या हमालाला, बॉल हातात मिळत नाही. कोणाच्या हातून सुटलाच आणि नेमका याच्यापुढे पडला, तरच.

हे संदीपला पटलं होतं. त्याच्या आईला पटलं नव्हतं.

त्यांना मी मावशी म्हणते. मावशी भोसरीला असतात. आमची मॅच शनिवारी दुपारी, तेव्हा तिकडे सकाळ. मॅच संपली की संदीपचा व्हिडिओ कॉल, आणि मावशींचा एकच प्रश्न, "आज तरी घावला का रं बॉल?"

"आई, माझं काम बॉलचं नसतं."

"मंडळात समद्यांना चढाईची पाळी मिळायची. हितं तुलाच का नाही? तू बोललास का त्या मास्तरांशी?"

पहिल्या वर्षी आम्ही हसलो. तिसऱ्या वर्षापर्यंत अख्खी टीम मॅचनंतर त्याला विचारायला लागली, "घावला का?" सिओनेचा उच्चार तर माझ्या मुलापेक्षा स्वच्छ होता. आणि मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की संदीप आता हसत नाही. त्यालाही एकदा तो बॉल हातात हवा होता. आईपेक्षा जास्त हवा होता.

एकदा मावशींनी टेरीलाच फोनवर बोलावलं. मी दुभाषी. त्या म्हणाल्या, "दादा, माझं पोरगं गुणी हाय. एकदा तरी द्या की त्याला."

टेरीने टोपी काढली. फोनवर टोपी काढलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मला म्हणाला, "टेल हर, इफ इट्स एव्हर लूज, इट्स हिज."

मी सांगितलं. मावशी म्हणाल्या, "सुटल्यावर तर कोण पण घेईल. हातात द्या म्हणावं." मी ते भाषांतर केलं नाही.

*

संदीपची बायको वैशाली हिने त्याला 'फक्त एक सीझन' अशी परवानगी दिली होती. ती परवानगी दरवर्षी नव्याने तेवढीच असायची. खांद्यांची पॅडं मागच्या अंगणात वाळत घालायची, घरात आणायची नाहीत, ही अट. त्या वासाने शेजाऱ्यांचं मांजर एकदा कुंपणावरून परत गेलं, असं वैशाली शपथेवर सांगते.

त्यांच्या मुलीच्या, इराच्या वाढदिवसाला संदीप मॅचवरून थेट आला. डोळ्यांखाली काळे पट्टे तसेच. उन्हाची तिरीप लागू नये म्हणून खेळाडू ते लावतात. भारतातून नुकत्याच आलेल्या कोणाच्या तरी सासूबाईंनी वैशालीला हळूच विचारलं, "हे काजळ कशाला गं?"

वैशालीने समोशांचा ट्रे पुढे केला. "दृष्ट लागू नये म्हणून. आमच्याकडे मोठ्यांना पण लावतात."

त्या बाईंनी संदीपला वरपासून खालपर्यंत एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "लागेल असं वाटत नाही."

*

मग वैशालीचे वडील आले, सहा महिन्यांसाठी. कांबळेकाका. भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून रिटायर झालेले. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या, शिव्या खाल्ल्या, पण एक बोट इकडचं तिकडे केलं नाही.

या खेळात चार डावांत दहा यार्ड पुढे जावं लागतं. गेलात की नाही हे पाहायला दोन काठ्यांना बांधलेली दहा यार्डांची साखळी असते, आणि ती धरायची माणसं यजमान क्लबने द्यायची. त्या शनिवारी एक माणूस कमी होता. संदीप म्हणाला, "पप्पा, तुम्ही धराल का?"

साखळी म्हटल्यावर काकांचा चेहरा उजळला.

शेवटच्या पाच मिनिटांत बॉल आमच्याकडे होता आणि मोजणीची वेळ आली. साखळी मैदानात आणली, पंच वाकले. बॉल काठीच्या जरासा पुढे दिसत होता. आमची पोरं ओरडायला लागली. तेवढ्यात काका म्हणाले, "वन मिनिट. चेन इज लूज."

खरंच साखळी मधे झोळ पडून गवताला टेकली होती. काकांनी दुसऱ्या टोकाच्या पोराला पाय रोवायला लावले, स्वतः गुडघ्यावर बसले, साखळी तारेसारखी ताणली आणि काठी पुन्हा उभी केली. बॉल चार बोटं मागे राहिला. आमचा डाव गेला आणि मॅचही गेली.

 घरी जाताना गाडीत क्लबच्या खेळाडूंपैकी दोघं मागच्या सीटवर होते. काका मागे वळून म्हणाले, "पुढच्या वेळी चार बोटं जास्त पळा."

पंचांनी मात्र त्यांचं नाव लिहून घेतलं. काका परत गेल्यावरही एक पंच दोन वर्षं मला विचारत होते, "इज द सर्व्हेयर कमिंग?"

*

सातव्या सीझनला तो क्षण आला होता. समोरच्या पोराच्या हातून बॉल निसटला आणि संदीपच्या बुटापुढे, अगदी वीतभर अंतरावर, डुगडुगत थांबला. आसपास कोणी नव्हतं. आम्ही सगळे बाहेरून ओरडतोय, बॉल, बॉल.

संदीपने झेप घेतली आणि त्या पोराचा घोटा पकडला. बॉल दुसऱ्याच कोणीतरी उचलला.

बाहेर आला तेव्हा मी टेप बदलत होते. म्हणाला, "ताई, मला बॉल दिसलाच नाही. माणूसच दिसला."

मावशींना त्याने सांगितलं नाही, पण इराने सांगितलं. ती तेव्हा दहा वर्षांची होती आणि आजीशी खरं बोलायची. मावशी म्हणाल्या, "चांगलं धरलं असंल ना, पण?" इरा म्हणाली, "येस आजी. व्हेरी चांगलं."

*

नवव्या सीझनआधी मी त्याच्या गुडघ्याचा एमआरआय बघितला. कूर्चा जवळजवळ संपली होती. सर्जनने सांगितलं होतंच, मी पण सांगितलं, की हा शेवटचा. पुढच्या वर्षी मी तुला टेप बांधणार नाही, दुसरी ट्रेनर शोध. वैशालीने परवानगी देणं पण सोडून दिलं होतं. ती नुसती म्हणाली, "करा काय ते."

संदीप वाद न घालता म्हणाला, "चौदा मॅचेस आहेत ना?"

दहा झाल्या, बारा झाल्या, तेरा झाल्या. मावशींचा प्रश्न तोच. टीममधल्यांनी मात्र विचारणं बंद केलं. पोरं वाईट नव्हती.

चौदावी मॅच आमच्याच मैदानावर होती. वारा बोचरा, प्रेक्षक जेमतेम साठ. वैशाली पहिल्यांदाच खुर्ची घेऊन आली होती. इरा बाउंड्रीवर फोन धरून उभी, फोनमध्ये मावशी, पुढ्यात चहाचा कप.

शेवटचं दीड मिनिट. आम्ही दोन पॉइंट्सनी पुढे आणि बॉल त्यांच्याकडे. त्यांचा उंच पोरगा मधून घुसला, सिओने त्याच्यावर आदळला, आणि बॉल हवेत उडाला. उडून थेट संदीपच्या छातीवर आला. दोन्ही हात आपोआप बंद झाले.

समोर पस्तीस यार्ड मोकळं रान. शप्पथ सांगते, एक माणूस नव्हता. त्या गुडघ्यानेही तो चालत पोहोचला असता.

इकडून टेरी ओरडत होता, "डाउन! गेट डाउन!" पुढे असताना बॉल मिळाला की पळायचं नाही, अंगाखाली घेऊन पडायचं. पळताना निसटला तर मॅच जाते. पडलात तर मॅच आपली. नऊ वर्षं दर मंगळवारी टेरीने हे घोकून घेतलं होतं.

फोनमधून मावशी ओरडत होत्या, "पळ! पळ रं माझ्या वाघा!" इराने फोन दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला होता.

संदीप त्या मोकळ्या मैदानाकडे बघत उभा राहिला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही, सेकंदभरच असेल. मग तो गुडघे दुमडून सावकाश खाली बसला आणि बॉलवर पालथा पडला.

शिट्टी वाजली. पोरं नाचायला लागली. सिओने रडत होता. सगळे उठले, बाजूला झाले. संदीप उठला नाही.

पंच त्याच्याजवळ वाकून हात पुढे करून थांबले. "आय नीड द बॉल, मेट." संदीप हलेना. पंचांनी माझ्याकडे बघितलं. वैशाली खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. मी बॅग घेऊन पळाले.

त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसले. "गुडघा?"

"नाही."

"खांदा? मान? मान हलवू नकोस."

"काहीच दुखत नाहीये, ताई."

"अरे, मग उठ की."

शिरस्त्राणाच्या जाळीतून त्याने माझ्याकडे बघितलं. "उठलो की द्यावा लागेल ना."

मी बॅगेची चेन उघडली, टेपचा रोल बाहेर काढला आणि पंचांना म्हणाले, "इट्स हिज नी. गिव्ह मी अ मिनिट."